पॅकेजेस काढल्यानंतर सर्व्हर सुरू होईना: फॉरमॅट करण्याआधी काय बघायचं

नमस्कार. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मला समजलं ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझी काही गल्लत होत असेल तर तुम्हाला लगेच सांगता येईल. दिंडोरी रोडवरच्या शीतगृहात तुमचा एक सर्व्हर आहे, त्यावर उबुंटू २०.०४ ही लिनक्स प्रणाली आहे. मालाची आवक-जावक, बारकोड आणि गेटपास त्याच्यावरच चालतात. डिस्क भरत आली म्हणून तुम्ही डेस्कटॉप, लिबरऑफिस आणि वापरात नसलेलं जुनं मायएसक्यूएल (डेटाबेसचा प्रोग्राम) काढलंत. शेवटी 'एपीटी ऑटोरिमूव्ह', म्हणजे आता कोणाला लागत नाहीत ती पॅकेजेस (प्रोग्रामचे गठ्ठे) झाडून काढणारी आज्ञा, चालवलंत आणि रीस्टार्ट केलंत. आता उबुंटूचं चिन्ह थोडा वेळ फिरतं, मग स्क्रीन काळा होतो आणि डाव्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत राहते. दोन तास वाट पाहूनही पुढे काही होत नाही. तुम्ही विचारताय की फॉरमॅट मारून सगळं नव्याने टाकावं का, आणि डेटा गेला का.

फॉरमॅट मारू नका. निदान आज तरी नाही. मी नाशिकमध्ये सोळा वर्षं हेच काम करते, सातपूर-अंबडचे कारखाने, सिन्नरकडचे काही, आणि हंगामात द्राक्षांची पॅकहाउसेस. पॅकेज काढल्यामुळे सुरू न होणारे जितके सर्व्हर माझ्या हाताखालून गेले, त्यातल्या एकालाही शेवटी फॉरमॅटची गरज पडली नाही. नुकसान झालं ते घाईत फॉरमॅट मारलेल्या मशीनचं.

डेटाबद्दल एक गोष्ट तुम्ही आठवून सांगा. मायएसक्यूएल काढताना 'रिमूव्ह' लिहिलं होतं की 'पर्ज'? 'रिमूव्ह'ने फक्त प्रोग्राम जातो. डेटाबेसच्या फायली 'वार' फोल्डरमधल्या 'लिब'च्या आत 'मायएसक्यूएल' या नावाखाली तशाच राहतात. 'पर्ज' करताना मात्र मध्येच एक निळी चौकट येते आणि सगळे डेटाबेस काढून टाकू का असं विचारते. तिथे 'यस' दाबलं असेल तर तो जुना डेटा गेला, आणि तो परत मिळवण्याचा मार्ग बॅकअपमधूनच जातो. चालू प्रोग्रामचा डेटा दुसऱ्या डेटाबेसमध्ये आहे असं तुम्ही लिहिलंय, त्याला यातल्या कशानेही धक्का लागत नाही. पॅकेज काढणारी यंत्रणा पॅकेजने आणलेल्या फायली काढते, तुमच्या नोंदींना ती असं विचारल्याशिवाय हात लावत नाही.

आता मूळ मुद्दा. 'सर्व्हर हँग झाला' असं आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात चार वेगवेगळ्या गोष्टी झालेल्या असू शकतात. एक, सर्व्हर व्यवस्थित सुरू झालाय, फक्त स्क्रीनवर दिसत नाही. दोन, कर्नल (प्रणालीचा गाभा) सुरू झाला पण त्याला मुख्य डिस्कच सापडत नाही. तीन, डिस्क सापडली, पण सेवा सुरू करताना एखादी सेवा कशाची तरी वाट पाहत बसलीय. चार, मशीन खरोखर गोठलंय. चौथा प्रकार पॅकेज काढल्याने क्वचितच होतो. पहिल्या तिघांचे उपाय एकमेकांपासून अगदी निराळे आहेत, म्हणून आपण कुठे आहोत हे कळण्याआधी काहीही करायला गेलात तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होईल.

म्हणून आधी बघा, मशीन जिवंत आहे का. कीबोर्डवरचं नमलॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर कर्नल जिवंत आहे. मग शेजारच्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरच्या आयपीला पिंग करा, म्हणजे तो उत्तर देतो का ते कळेल, आणि एसएसएचने (नेटवर्कवरून लॉगिन करून) आत जाऊन बघा. बारकोडचा प्रोग्राम उघडतोय का तेही बघा. तुमच्या प्रश्नात याचा उल्लेख नाही, आणि माझा पहिला संशय नेमका इथेच आहे.

संशयाचं कारण सांगते. उबुंटूत सुरुवातीचं चित्र दाखवणारा 'स्प्लॅश' हा पर्याय चालू असला, की बूट होताना (मशीन सुरू होताना) स्क्रीन सातव्या टर्मिनलकडे सोपवला जातो. टर्मिनल म्हणजे एकाच मॉनिटरवर आलटून-पालटून बघता येणारे वेगवेगळे पडदे. पुढे डेस्कटॉपच्या लॉगिनचा प्रोग्राम येऊन तो ताब्यात घेईल या हिशेबाने. तुम्ही डेस्कटॉपच काढलाय, त्यामुळे ताब्यात घ्यायला कोणी येतच नाही. सातवं टर्मिनल रिकामं असतं, तिथे काळा पडदा आणि लुकलुकणारी रेघ एवढंच दिसतं. तुम्ही वर्णन केलंय ते तंतोतंत हेच. कंट्रोल-ऑल्ट-एफ१ किंवा एफ२ दाबा. लॉगिन विचारलं गेलं, तर तुमचा सर्व्हर दोन तासांपूर्वीच सुरू झालेला आहे.

काही वर्षांपूर्वी रात्री साडेअकराला मला मुसळगावच्या एका कारखान्यातून फोन आला होता, 'मॅडम, सर्व्हर मेला.' मी नाशिक रोडहून गाडी काढून गेले. तिथे बघितलं तर स्क्रीन काळा, आणि शेजारच्या टेबलावर सुपरवायझर त्याच सर्व्हरवरून डिस्पॅचची चलनं छापत होता. मॉनिटर आणि प्रिंटर यांच्यात चार फुटांचं अंतर होतं, पण दोन्ही गोष्टी एकत्र कोणी पाहिल्या नव्हत्या. तेव्हापासून फोनवर माझा पहिला प्रश्न 'स्क्रीनवर काय दिसतंय' हा नसतो, 'कोणाचं काम थांबलंय' हा असतो.

असं निघालं तर उपाय दोन ओळींचा आहे. 'सिस्टमसीटीएल सेट-डिफॉल्ट मल्टी-यूजर.टार्गेट' ही आज्ञा द्या, म्हणजे मशीन चित्रांचा डेस्कटॉप गृहीत धरणार नाही. मग 'ईटीसी'मधल्या 'डिफॉल्ट' फोल्डरातली 'ग्रब' नावाची फाइल उघडा, 'क्वाएट स्प्लॅश' हे दोन शब्द काढा आणि 'अपडेट-ग्रब' चालवा. सर्व्हरवर ते शब्द मुळात नसावेतच. चित्र दिसायला छान असतं, पण चूक झाल्यावर मशीन जे बोलत असतं ते सगळं ते चित्र झाकून टाकतं.

एफ२ दाबूनही लॉगिन आलं नाही, तर खरंच काहीतरी अडलंय. आता ते काय आहे हे मशीनच्या तोंडून काढायचं. रीस्टार्ट करा. शक्यतो पॉवरचं बटण दाबून धरू नका. ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीनची कळ दाबून ठेवून 'एस', मग 'यू', मग 'बी' अशी अक्षरं दोन-दोन सेकंदांनी दाबा. यात डिस्कवरचं लिखाण पूर्ण होतं, डिस्क फक्त वाचण्यापुरती राहते आणि मग मशीन रीस्टार्ट होतं. सुरू होताना ग्रबचा, म्हणजे कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू यावा म्हणून जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवा, यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) असेल तर एस्केप दाबा. मेनूत पहिल्या ओळीवर उभं राहून 'ई' दाबा. 'लिनक्स' शब्दाने सुरू होणारी एक लांबलचक ओळ दिसेल. तिच्यातले 'क्वाएट स्प्लॅश' खोडा आणि शेवटी जागा सोडून 'सिस्टमडी.डीबग-शेल=१' लिहा, त्यातला एक इंग्रजी कीबोर्डवरचाच. मग एफ१०. हा बदल फक्त या एका बूटपुरता असतो. पुढच्या वेळी ओळ पुन्हा पहिल्यासारखी होते, त्यामुळे घाबरू नका.

आता ओळींमागून ओळी धावतील. जिथे थांबतील तिथला मोबाइलवर फोटो काढा. तीन प्रकारच्या ओळी महत्त्वाच्या.

'गेव्ह अप वेटिंग फॉर रूट फाइल सिस्टम डिव्हाइस' असं येऊन 'इनिटरॅमएफएस' नावाचा प्रॉम्प्ट दिसला, तर मुख्य डिस्क सापडत नाहीय. हा वर सांगितलेला दुसरा प्रकार.

'अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर' असं येऊन पुढे लाल ठिपके इकडून तिकडे पळत असतील, तर तो तिसरा प्रकार. त्या ओळीच्या शेवटी कंसात वेळ असते. झालेली वेळ, तिरकी रेघ, आणि जास्तीत जास्त मर्यादा. मर्यादा दीड मिनिट असेल तर दीड मिनिटाने मशीन आपणहून पुढे सरकतं किंवा 'इमर्जन्सी मोड'मध्ये जाऊन थांबतं. मर्यादेच्या जागी 'नो लिमिट' असेल, तर दोन तास काय, दोन महिने बसलात तरी ते हलणार नाही.

हे का होतं ते समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. उबुंटूत २०१५ पासून सेवा सुरू करण्याचं काम सिस्टमडी करतं. त्याआधीच्या पद्धतीत सेवा बऱ्याच अंशी एकामागून एक सुरू व्हायच्या. सिस्टमडी एकाच वेळी अनेक सुरू करतं, पण कोणी कोणानंतर यायचं हे प्रत्येक सेवेच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. लग्नातल्या पंगतीसारखं आहे हे. व्याही बसल्याशिवाय वाढायचं नाही असं ठरलेलं असतं, आणि व्याही तर जेवायलाच येणार नाहीत हे वाढप्याला कोणी सांगितलेलं नसतं. पानं मांडलेली, आमटी गार होतेय, सगळे गप्प बसलेत. काढलेलं पॅकेज म्हणजे ते न आलेले व्याही. ते गेले यात काही बिघडलेलं नाही. बिघाड आहे तो त्यांची वाट पाहणाऱ्यात, आणि म्हणून शोधायचं ते वाट पाहणाऱ्याला.

इथे एक बारकावा आहे, अनुभवी लोकही त्यात चुकतात. एखाद्या सेवेच्या फाइलमध्ये 'आफ्टर' (याच्यानंतर) म्हणून मायएसक्यूएलचं नाव असेल आणि मायएसक्यूएलच नसेल, तर सिस्टमडी ती अट सोडून देतं, थांबत नाही. 'रिक्वायर्स' (हे लागतंच) असेल तर ती सेवा अपयशी ठरते, पण तीही अडकून बसत नाही. मग अडकतं कोण? कोणीतरी हाताने लिहिलेली स्क्रिप्ट. सॉफ्टवेअर देणाऱ्याचा माणूस कधीतरी येऊन एक छोटी फाइल टाकून जातो. डेटाबेस चालू आहे का विचार, नसेल तर दोन सेकंद थांब, पुन्हा विचार. ज्या दिवशी लिहिली त्या दिवशी ती बरोबरच असते. पण 'किती वेळा विचारून सोडून द्यायचं' हे तिच्यात लिहिलेलं नसतं. त्यात ती सेवा 'वनशॉट' (एकदा चालून संपणाऱ्या) प्रकारची असेल, तर सिस्टमडी तिला मुळातच वेळेची मर्यादा लावत नाही. 'नो लिमिट' येतं ते बहुतेकदा तिथून.

या सगळ्यात वाईट जागा म्हणजे 'ईटीसी'मधली 'आरसी डॉट लोकल' ही फाइल. जुन्या सवयीने लोक अजून तिच्यात ओळी घालतात. तिला वेळेची मर्यादा नाही, आणि स्क्रीनवरचं लॉगिन तिचं काम संपल्यावरच यायचं असा नियम आहे. त्यामुळे तिच्यातली एक ओळ अडकली की एफ१, एफ२, एफ३ कुठेच लॉगिन येत नाही. एसएसएच मात्र तिच्यासाठी थांबत नाही, ते सुरू झालेलं असतं. म्हणून वर मी एसएसएच करून बघायला सांगितलं. एसएसएचने 'सिस्टम इज बूटिंग अप' असं सांगून परत पाठवलं, तर तेही उपयोगाचं उत्तर आहे. मशीन जिवंत आहे, पण सुरू होण्याच्या आणखी आधीच्या टप्प्यावर अडलंय, असा त्याचा अर्थ.

तुम्ही ग्रबमध्ये ती डीबगची ओळ घातली असेल तर आता कंट्रोल-ऑल्ट-एफ९ दाबा. पासवर्ड न विचारता रूटचा (सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याचा) प्रॉम्प्ट येईल. तो इतक्या लवकर सुरू होतो की पुढे कोणी अडलं तरी त्याला फरक पडत नाही. तिथे 'सिस्टमसीटीएल लिस्ट-जॉब्ज' लिहा. एक यादी येईल. बहुतेकांसमोर 'वेटिंग' असेल. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, ते पंगतीतले ताटकळलेले लोक आहेत. ज्या एक-दोन नावांसमोर 'रनिंग' असेल तोच तुमचा धागा. मग 'सिस्टमसीटीएल स्टेटस' आणि ते नाव. खाली झाडासारखी आकृती येते, त्या सेवेने आत्ता नेमका कोणता प्रोग्राम चालू ठेवलाय ते तिच्यात दिसतं.

सातपूरच्या एका कारखान्यात मी असंच एफ९वर बसले होते. लिस्ट-जॉब्जमध्ये 'रनिंग'समोर 'आरसी-लोकल', त्याच्या स्टेटसमध्ये खाली एकच शब्द, 'स्लीप', आणि पुढे दोनचा आकडा. दोन सेकंदांनी पुन्हा बघितलं तर तोच 'स्लीप', पण प्रोसेसचा नंबर बदललेला. म्हणजे जुना झोपून उठला, विचारून आला, नवा झोपला. फाइल उघडली तर वजनकाट्याच्या प्रोग्रामसाठी कोणीतरी मायएसक्यूएलची वाट पाहत पुन्हा पुन्हा विचारणारी ओळ लिहून ठेवली होती. वजनकाटा विकून तीन वर्षं झाली होती. मायएसक्यूएल आठ महिन्यांपूर्वी काढलेलं. पण त्या आठ महिन्यांत सर्व्हर एकदाही रीस्टार्ट झाला नव्हता. पावसात लाइट गेली, यूपीएस उतरला आणि मग ते उघड झालं. तिथल्या मुलाने आदल्या दिवशी काढलेल्या प्रिंटर ड्रायव्हरवर सगळे संशय घेत होते. त्या बिचाऱ्याला रडू फुटायचं बाकी होतं. म्हणून सांगते, शेवटी काढलेलं पॅकेजच दोषी असेल असं धरून चालू नका.

अशी ओळ सापडली तर ती खोडायच्या आधी फाइलची प्रत ठेवा. मग त्या ओळीपुढे हॅशचं चिन्ह घाला आणि 'सिस्टमसीटीएल स्टॉप' करून ती सेवा थांबवा. ताटकळलेले सगळे पुढे सरकतात, रीस्टार्टचीही गरज पडत नाही. एफ९पर्यंत पोहोचताच येत नसेल, पण फोटोवरून सेवेचं नाव कळलं असेल, तर ग्रबच्या त्याच ओळीत 'सिस्टमडी.मास्क=' आणि पुढे सेवेचं पूर्ण नाव लिहा. त्या बूटपुरती ती सेवा बाजूला राहते.

दीड मिनिटवाल्या ओळीत डिस्कचं नाव किंवा लांबलचक यूयूआयडी (डिस्कचा ओळखक्रमांक) असेल तर 'ईटीसी'मधली 'एफएसटॅब' ही फाइल बघा, सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते तिच्यात असतं. बॅकअपची बाहेरची हार्डडिस्क तिथे लिहून ठेवलेली असते, आणि ती लावलेली नसली की मशीन तिची दीड मिनिट वाट पाहतं. ती विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटमध्ये असेल आणि ती जोडणारं 'एनटीएफएस-३जी' ऑटोरिमूव्हच्या लाटेत वाहून गेलं असेल, तर वाट न पाहताच मशीन 'इमर्जन्सी मोड'मध्ये जाऊ शकतं. पॅकेज गेलं असेल तर परत टाका, आणि त्या ओळीच्या पर्यायांत 'नोफेल' जोडा. बॅकअपची डिस्क लागली नाही म्हणून गेटपास थांबावा, असं कोणालाच नको असतं.

आता नेटवर्क. तुमच्या बाबतीत मला याची भीती जास्त वाटते, म्हणून जरा सावकाश सांगते. तुम्ही सर्व्हरवर डेस्कटॉपची उबुंटू टाकलेली असावी, कारण 'डेस्कटॉप काढला' असं लिहिलंय. डेस्कटॉपच्या उबुंटूत नेटवर्क सांभाळतो तो नेटवर्कमॅनेजर, आणि डेस्कटॉपची पॅकेजेस काढल्यावर त्याच्यावरही कुऱ्हाड चालू शकते. तो गेला की लॅन कार्डाला आयपी मिळत नाही. पिंग नाही, एसएसएच नाही, आणि पॅकेज डाउनलोड करून परत टाकायलाही इंटरनेट नाही. इथे लोक हताश होतात आणि फॉरमॅटकडे वळतात. पण वाट आहे, आणि तिला इंटरनेट लागत नाही. २०.०४ मध्ये सिस्टमडीसोबतच त्याचा स्वतःचा नेटवर्कडी येतो, तो मशीनवर आहेच. 'आयपी लिंक' लिहून कार्डाचं नाव बघा, 'ईएनपी'ने सुरू होणारं काहीतरी असेल. 'ईटीसी'मधल्या 'नेटप्लॅन' फोल्डरात एक यामल (सेटिंग्ज लिहिलेली) फाइल आहे, तिच्यात 'रेंडरर' समोर नेटवर्कमॅनेजर लिहिलंय. तिथे 'नेटवर्कडी' लिहा, खाली 'इथरनेट्स'मध्ये कार्डाचं नाव आणि आयपी द्या, आणि 'नेटप्लॅन अप्लाय' करा. फाइलमध्ये टॅब चालत नाही, जागा स्पेसबारनेच सोडायची. जुना ठरावीक आयपी आठवत नसेल तर 'ईटीसी'मधल्या नेटवर्कमॅनेजर फोल्डरात 'सिस्टम-कनेक्शन्स' आहे, 'पर्ज' केलं नसेल तर तिथे तो सापडतो.

मशीनला दोन लॅन पोर्ट असतील आणि एकालाच केबल असेल, तर दुसऱ्या कार्डाखाली 'ऑप्शनल: ट्रू' लिहायला विसरू नका. नाहीतर नेटवर्कडी त्या रिकाम्या पोर्टची दोन मिनिटं वाट पाहील आणि तुम्हाला वाटेल पुन्हा अडकलं.

डिस्क सापडत नाही हा प्रकार तुमच्याकडे असण्याची शक्यता मला कमी वाटते, पण असेल तर ऐका. डिस्क एलव्हीएम (डिस्कची जागा लवचीकपणे वाटणारी पद्धत) किंवा सॉफ्टवेअर रेडवर (अनेक डिस्क एकत्र बांधण्याची पद्धत) असते तेव्हा ती ओळखणारी साधनं बूटच्या छोट्या प्रतिमेत, म्हणजे इनिटरॅमएफएसमध्ये, भरलेली असतात. 'एलव्हीएम२' किंवा 'एमडीएडीएम' काढलं की ती प्रतिमा त्यांच्याशिवाय नव्याने बनते. सर्व्हरच्या आयएसओवरून उबुंटू टाकली असेल तर एलव्हीएम बहुधा असतं, डेस्कटॉपवरून टाकली असेल तर बहुधा नसतं. इथे एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. पॅकेज काढताना प्रतिमा फक्त सर्वांत नव्या कर्नलची बदलते. ग्रबच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन जुना कर्नल निवडा, त्याच्या प्रतिमेत ती साधनं अजून शाबूत असतात. पुष्कळदा मशीन तिथून सरळ सुरू होतं, मग पॅकेज परत टाकून 'अपडेट-इनिटरॅमएफएस' सगळ्या कर्नलसाठी चालवायचं. जुना कर्नलही काढून टाकला असेल तर मात्र पेनड्राइव्हवरून लाइव्ह उबुंटू लावून, डिस्क जोडून, 'सीएचरूट'ने आत शिरून तेच काम करावं लागेल. ते फोनवर सांगून करण्यासारखं नाही. ती वेळ आली तर कोणीतरी जाणता माणूस शेजारी बसवा.

मशीन एकदा आत शिरण्याजोगं झालं, की काय काय गेलं त्याची खात्रीची यादी बघा. आठवणीवर विसंबू नका. 'वार'मधल्या 'लॉग'मधल्या 'एपीटी' फोल्डरात 'हिस्टरी' नावाची फाइल असते. तारीख, वेळ, दिलेली आज्ञा आणि तिने काढलेलं प्रत्येक पॅकेज तिच्यात आहे. तुम्ही तीन नावं लिहिली असाल, यादीत दोनशे निघतील. 'मेटापॅकेज' म्हणून एक प्रकार असतो, स्वतःत काही नसलेला, फक्त इतरांना धरून ठेवणारा. उबुंटू-डेस्कटॉप हे तसंच आहे. ते काढलं की त्याने धरलेले अनेक जण अनाथ ठरू शकतात आणि ऑटोरिमूव्ह त्यांना झाडून काढतं. ती यादी वाचताना चार गोष्टी शोधा: नेटवर्कचं काही, डिस्क-फाइलसिस्टमचं काही, 'लिनक्स-'ने सुरू होणारं काही, आणि पायथनचं काही. यातलं जे दिसेल ते परत टाका आणि 'एपीटी-मार्क मॅन्युअल' करून ठेवा, म्हणजे पुढचं ऑटोरिमूव्ह त्याला हात लावणार नाही. अल्मा किंवा रेडहॅटच्या घरातली मशीन असती तर हे काम 'डीएनएफ हिस्टरी अनडू'ने एका ओळीत उलटवता आलं असतं. तुमच्या २०.०४ मधल्या एपीटीत ती सोय नाही, हाताने करावं लागतं.

जागा कमी पडते म्हणून तुम्ही हे सगळं केलंत, तर त्याबद्दलही बोलायला हवं, कारण मूळ दुखणं ते आहे. पॅकेज काढून मिळणारी जागा थोडी आणि जोखीम मोठी. त्याआधी 'एपीटी क्लीन' करा, डाउनलोड होऊन पडलेल्या पॅकेजांच्या फायली जातात. सिस्टमडीची जर्नल (नोंदवही) डिस्कच्या दहा टक्क्यांपर्यंत, पण जास्तीत जास्त चार जीबीपर्यंत वाढू शकते, 'जर्नलसीटीएल व्हॅक्यूम-साइज'ने ती छाटता येते. आणि 'डीयू' लावून बघा नेमकं कोण फुगलंय. शीतगृहांमध्ये मला हटकून दोन गोष्टी सापडतात, रोजचा पूर्ण बॅकअप त्याच डिस्कवर वर्षभर साठलेला, आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग. लिबरऑफिस त्यांच्यापुढे काहीच नाही.

पुढे कधी पॅकेज काढायचंच झालं, तर मी कसं करते ते सांगते. आधी 'एपीटी-गेट' ला उणे 'एस' लावून नुसती तालीम करते. काही निघत नाही, फक्त यादी दिसते. ती शांतपणे वाचते. मग ज्या सेवेवर गंडांतर आहे ती काढण्याऐवजी आधी 'डिसेबल' करते आणि त्याच दिवशी, माणसं जागेवर असताना, मशीन रीस्टार्ट करून बघते. आठवडाभर कोणी ओरडलं नाही तर पॅकेज काढते, आणि पुन्हा लगेच रीस्टार्ट. बिघडायचंच असेल तर ते माझ्यासमोर, दुपारी तीन वाजता बिघडावं. पावसाळ्यात लाइट गेल्यावर पहाटे नको. तुमचं मशीन प्रॉक्समॉक्स किंवा तशा कशावर व्हर्च्युअल असेल तर त्याहून सोपं, आधी एक स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती.

आणखी एक. २०.०४ ची नेहमीची पाच वर्षांची मुदत २०२५ मध्ये संपली. पण हे सुरळीत झाल्यावर, हंगाम संपल्यावर बघा. अडलेल्या मशीनवर अपग्रेड लावू नका.

आज रात्री एवढंच करा. नमलॉक, पिंग, कंट्रोल-ऑल्ट-एफ२. लॉगिन आलं तर प्रश्न तिथेच मिटला. नाही आलं, तर ग्रबमधून 'क्वाएट स्प्लॅश' खोडून सुरू करा आणि जिथे थांबेल त्या ओळीचा फोटो इथे टाका, कंसातली वेळ स्पष्ट दिसेल असा. लिस्ट-जॉब्जपर्यंत पोहोचलात तर त्याचाही. सकाळी गाड्या लागणार असतील तर गेटपास तोवर हाताने फाडा आणि गाडी नंबर, क्रेट, चेंबर एवढं एका वहीत लिहून ठेवायला कोणाला तरी बसवा, म्हणजे नंतर भरता येईल. मी रात्री साडेदहापर्यंत जागी आहे, आणि सकाळी सातनंतर पुन्हा बघेन.